लहानपणीचं कोण सांगणार

महालक्ष्म्यांचा नैवेद्य झाला, पंगत उठली, आणि लक्ष्मीकांतांनी हात पुसता पुसता जाहीर करून टाकलं की हा विषय आता बंद.

कोणता विषय, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. त्यांची मुलगी निधी चार दिवसांपूर्वी पुण्याहून सणाला आली ती पिशवीत चार पानांचा एक फॉर्म घेऊन. तेव्हापासून इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या दुमजली घरात दोघीदोघींची खलबतं चालली होती. खाली स्वयंपाकघरात माई आणि त्यांची थोरली सून, निधीची आई शशिकला, वर गच्चीवर निधी आणि धाकटी सून सुमेधा. फॉर्म होता सुमेधाच्या नवऱ्याचा, लक्ष्मीकांतांच्या धाकट्या भावाचा, चिंतामणचा. आणि एकट्या चिंतामणशीच त्याबद्दल कोणी अवाक्षर बोललेलं नव्हतं. माणसाची काळजी त्याच्या पाठीमागे करायची, अशी दिवेकरांकडे पद्धतच होती. तोंडावर केली तर त्याला वाईट वाटेल ना!

"अठ्ठेचाळीसचा घोडा झालाय तो," लक्ष्मीकांत म्हणाले. "आता काय तपासायचं त्याचं? दात?"

"दात नाही बाबा, ऑटिझम." निधी पुण्यात मानसशास्त्राचं एम. ए. करत होती आणि घरात आपण अजून फ्रॉकमध्येच आहोत असं सगळे वागतात, याचा तिला राग होता. "दहा वेळा सांगितलं मी. ही बीमारी नाहीये. डोक्याची ठेवणच वेगळी असते, जन्मापासून. आवाज सहन होत नाही, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळत नाही, ठरलेलं काही बदललं की सगळं बिघडतं. त्या डॉक्टर मोठ्या माणसांना पण तपासतात. तसं करणारे फार कमी आहेत. आज साडेपाचच्या बसने हा फॉर्म माझ्याबरोबर गेला तर दिवाळीनंतर नंबर लागेल. नाही तर पुढचं वर्ष."

"मग पुढचं वर्ष. आणि तेव्हा पण नाही. अरे, मिल बंद झाली, त्यानं धसका घेतला. सगळ्या गल्लीला मालूम आहे. इंदूरमध्ये किती मिलवाले असे झाले! कोणी पिऊ लागला, कोणी गप्प झाला. हा गप्प झाला. बस."

"अकरा वर्षं झाली मिल बंद होऊन. आणि मिल बंद झाल्याने ऑटिझम होत नाही, बाबा."

महालक्ष्म्या आपल्या मखरात नव्या साड्या नेसून उभ्या होत्या, आणि शशिकला उगाचच त्यांच्यापुढच्या समईची वात सारखी करत बसली.

गॅलरीतून बारीक घरघर ऐकू येत होती. चिंतामणने पंगतीत सोळा भाज्यांपैकी नेहमीच्या तीनच खाल्ल्या होत्या आणि उठून तो मोटरपाशी जाऊन बसला होता. मिल बंद पडली तरी मिलचा गणपती बसत होता, आणि अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, चालता देखावा, निघत होती. कामगार दारोदार वर्गणी मागून ती काढत. यंदाच्या झांकीत कालियानागाचा फणा डोलायचा होता, आणि तो मोटर लावून डोलवायचं काम, गेल्या वीस वर्षांप्रमाणे, चिंतामणकडे होतं. एरवी तो सियागंजात एका दुकानात जळक्या मोटरींना नवी तार भरून द्यायचा. तिथला मालक म्हणायचा, "चिंतामणजी के हाथ की मोटर वापस नहीं आती." घरी मात्र त्याच्याबद्दल असं काही बोलायची कोणाला सवय नव्हती.

सुमेधा उष्टी ताटं उचलत होती. एकात एक ठेवताना ती हलक्या हाताने ठेवत होती. ताटांचा खणखणाट झाला की गॅलरीतला माणूस उठून निघून जातो आणि दोन तास परत येत नाही, हे तिला सतरा वर्षांत अंगवळणी पडलं होतं. तिला राग यायचा तो या सवयीचाच. आपण याच्यासाठी काय काय करतो ते याला दिसतही नाही, असं तिला वाटायचं.

आणि मग जुलैत तिचे वडील गेले. देवासला घर माणसांनी भरलं होतं, वडील अजून जमिनीवरच होते, ती त्यांच्या पायाशी बसून रडत होती. आणि तिच्या नवऱ्याने स्टूल आणलं, त्यावर चढला आणि खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोक खोलायला लागला. सगळ्या नातेवाइकांसमोर. कोणीतरी मागे हसलंसुद्धा. तेराव्याला तिचा भाऊ श्रीकृष्ण म्हणाला, "दीदी, तू इथं ये. शाळेत जागा आहे, वर खोली रिकामी आहे. शमिकाला पण घेऊन ये. किती दिवस त्या माणसाच्या पाठीमागे झिजशील?" सोमवारपर्यंत तिने त्याला उत्तर द्यायचं होतं. आज शनिवार होता. हे फक्त निधीला माहीत होतं, आणि निधी तो फॉर्म एवढ्या हट्टाने का रेटते आहे हे त्यामुळे फक्त सुमेधाला माहीत होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "फॉर्म जाईल. त्याच्यावर सही माझी आहे. मी केलीय."

"सुमेधा, तू जरा शमिकाचा विचार कर," शशिकला मध्ये पडली. "पंधरा वर्षांची पोर आहे. उद्या तिच्यासाठी स्थळं बघायची. वडिलांचा असा कागद आहे म्हटल्यावर दारात कोण उभं राहील? लोक तर कशालाही पागलच म्हणतात."

"लोक आत्ता काय म्हणतात, वहिनी?"

शमिका तेवढी नशिबाने मैत्रिणीकडे प्रसाद घेऊन गेली होती.

"नुसत्या सहीने काय होतं?" लक्ष्मीकांत म्हणाले. "पान तीनवर तर काहीच नाही."

हे ते बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं की बोलायला नको होतं. निधीने चमकून बापाकडे पाहिलं. "पान तीनवर काय आहे हे तुम्हाला कसं मालूम?"

ती पिशवीकडे धावली. फॉर्म काढला, तिसरं पान उघडलं. त्या पानावर लहानपणची माहिती होती. मूल बोलायला कधी लागलं, इतर मुलांत खेळायचं का, हाक मारली तर बघायचं का, कोणत्या आवाजांना घाबरायचं, शाळेतून काही तक्रार होती का. असे अठरा प्रश्न, आणि ज्याने लहानपणी सांभाळलं त्यानेच ते भरायचे. अठराच्या अठरा रकान्यांत, लक्ष्मीकांतांच्या, पी. डब्ल्यू. डी.च्या हेडक्लार्कच्या, ठाशीव अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता. निरंक.

"निरंक?" निधी ओरडली. "बोलायला कधी लागला, निरंक? बाबा, हे काय तुमचं मासिक विवरण आहे?"

शशिकलाला एकदम हसू फुटलं. ते हसू तिने पदरात दाबलं, पण मग तिचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षं ती या माणसाच्या निरंकात राहत होती. काही अडचण? नाही. काही दुखतंय? नाही. लक्ष्मीकांतांकडे कशाचीच नोंद नसायची.

लक्ष्मीकांतांना मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. वडील गेले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि चिंतू तेरा. तेव्हापासून चिंतूच्या वतीने तेच बोलत आले होते. शाळेत हेडमास्तरांशी, मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्याच्या साहेबांशी, भाड्याच्या सायकलवाल्याशीसुद्धा. यात आपण काही चुकीचं केलं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नव्हतं. एकच गोष्ट सोडून. आणि ती गोष्ट नेमकी त्या तिसऱ्या पानातून बाहेर आली असती. बोलायला कधी लागला? पाचव्या वर्षी. शाळेतून तक्रार? चार शाळा बदलल्या. हे एकदा लिहिलं की वाचणारी वाचणार, आणि विचारणार की मग मला हे तेव्हा का नाही सांगितलं. भरलेला फॉर्म सुमेधा पाठवणार होती म्हणजे ती वाचणारच होती. लक्ष्मीकांतांनी परवा दुपारी घर झोपलं असताना फॉर्म काढला आणि कचेरीत जे करतात तेच केलं.

"मला काही आठवत नाही, म्हणून लिहिलं तसं," ते म्हणाले. "खामखा तमाशा नको करू, निधी. लहानपणी तो बिलकुल नॉर्मल होता. होता की नाही, माई?"

माई खुर्चीत बसल्या होत्या. शहात्तराव्या वर्षीही त्यांचा ताठा असा, की पाठ खुर्चीला टेकत नसे. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग सुमेधाकडे, आणि मग त्या मखराकडे बघत राहिल्या.

"माई?" सुमेधा म्हणाली.

"माईला नको विचारू. तिचं बीपी—"

"मी माईंना विचारतेय, भाऊजी."

माईंना ते सगळं काल घडल्यासारखं आठवत होतं. साडेचार वर्षांचा चिंतू, आणि तोंडातून शब्द नाही. मिलचा भोंगा झाला की दोन्ही कान दाबून पलंगाखाली. जवळ घेतला तर लाकडासारखा ताठ. शेजारणी म्हणायच्या, मुका आहे हो तुमचा. तेव्हा त्या एकट्या खजराण्याच्या गणपतीला गेल्या होत्या, आणि लोक काढतात तसं देवळाच्या मागच्या भिंतीवर शेंदराने उलटं स्वस्तिक काढून आल्या होत्या. नवस पुरा झाला की येऊन सुलटं काढायचं. पाच महिन्यांनी चिंतू बोलला. एकदम अख्खं वाक्य बोलला, "पंखा वाकडा फिरतो." माई त्याच आठवड्यात जाऊन स्वस्तिक सुलटं काढून आल्या.

पुन्हा एकदा त्या गेल्या ते पंच्याऐंशी साली, चिंतूच्या लग्नाच्या वर्षी. त्या वेळचं स्वस्तिक अजून उलटंच होतं.

आणि याहूनही एक गोष्ट होती, जी त्यांनी देवालाही सांगितली नव्हती. मिलला टाळं लागलं त्या दिवशी सगळी गल्ली रडत होती. बायका दारात बसून होत्या, कोणाच्या घरी चूल पेटली नाही. माईही पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या, पण आतून त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. आता चिंतूच्या वागण्याला एक कारण मिळालं होतं. सगळ्यांना पटेल असं, कोणाचाही दोष नसलेलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सुमेधाला पहिल्यांदा म्हटलं होतं, "पूर्वी नव्हता गं तो असा. मिलनं घात केला." सुमेधाने तेव्हा त्यांचा हात हातात घेतला होता. त्या हाताची माईंना अजून लाज वाटत होती.

"माई, बोला ना," निधी म्हणाली.

"माई, तू गप्प बस," लक्ष्मीकांत म्हणाले.

माईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गॅलरीतली घरघर थांबली होती.

"मी पाचव्या वर्षी बोलायला लागलो."

चिंतामण दारात उभा होता. हाताला ग्रीस, आणि नजर नेहमीसारखी कोणाच्याच चेहऱ्यावर नाही, फॉर्मवर. "निरंक चूक आहे, दादा. पाच वर्षं व्हायला एक महिना कमी होता. माईनं सांगितलंय मला."

"चिंतू, तू आत जा. आम्ही बोलतोय."

"माझ्याबद्दल बोलताय." त्याने हे भांडायच्या सुरात म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. निधीच्या हातातून त्याने फॉर्म घेतला आणि वाचू लागला. "इतर मुलांत खेळायचो का. नाही. हाक मारल्यावर बघायचो का. नाही, ऐकू यायचं पण बघायचो नाही. शाळेतून तक्रार. चार शाळा. तिसऱ्या शाळेत मास्तरांनी बाकाला बांधलं होतं. दादा सोडवायला आला, तेव्हा दादा रडला."

लक्ष्मीकांतांनी खाली पाहिलं. घरातल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोलाही नाही.

सुमेधा हातातली ताटं धरून तशीच उभी होती. तिला एकेक गोष्ट कळायला लागली होती. "म्हणजे तुम्ही आधीपासून... मिलच्या आधीपासून..."

"हो."

"लग्नाच्या आधी?"

"हो. बघायच्या कार्यक्रमाच्या आधी माईनं एक महिना पाठ करून घेतलं. चार प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, वाचनाची आवड आहे का, स्वयंपाक येतो का. एकामागून एक घाईनं विचारायचे नाहीत. दादा टेबलाखालून पायावर पाय द्यायचा, मग पुढचा विचारायचा."

सुमेधाला तो दिवस आठवला. देवासचं घर, पोह्यांच्या बश्या, आणि समोर बसलेला सावळा, शांत माणूस. किती विचार करून बोलतो, असं तिला वाटलं होतं. प्रश्नाप्रश्नांत केवढा वेळ घेतो! रात्री बहिणीला तिने तेच सांगितलं होतं. आणि खाली टेबलाखाली भाऊजींचा पाय होता.

ताटं तिने खाली टाकली. जोरात, मुद्दाम. चिंतामणचे खांदे आखडले, पण तो हलला नाही.

"सतरा वर्षं," सुमेधा म्हणाली. आवाज तिच्या ताब्यात नव्हता. "सतरा वर्षं मी विचार करतेय, माझं काय चुकलं. आधी वाटलं मी आवडत नाही. मग मिल बंद झाली, तर वाटलं मी धीर द्यायला कमी पडले. मंगळवार केले, उपास केले. माई, तुम्ही मला म्हणालात, तू त्याला जरा हसतं ठेव! तुम्हाला मालूम होतं. भाऊजींना मालूम होतं. वहिनी, तुम्हाला पण?"

"मी आले तेव्हा तो बावीसचा होता," शशिकला हळू म्हणाली. "मला दिसत होतं. मला सांगितलं होतं, बोलायचं नाही." मग ती नवऱ्याकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत त्यांच्याविरुद्ध बोलली. "तुम्ही चुकलात. आणि मी पण चुकले. मघाशी शमिकाच्या लग्नाचं बोलले ना मी? ते पण लपवूनच केलं असतं आपण. हिचं केलं तसं."

"मग काय करायला हवं होतं मी?" लक्ष्मीकांत उसळले. "पाटी लावायची होती त्याच्या गळ्यात? कोणी दिली असती मुलगी? मी त्याच्या भल्याचं—"

"लक्ष्मीकांत, पुरे," माई म्हणाल्या.

त्या उठल्या. सुमेधापुढे येऊन उभ्या राहिल्या. सुनेपुढे सासूने कसं उभं राहायचं असतं हे त्यांना माहीत होतं, पण अशा वेळी कसं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "मी तुला फसवलं," त्या म्हणाल्या. "यानं नाही. मी. खजराण्याला उलटं स्वस्तिक काढलं होतं, की लग्न ठरू दे आणि पोरीला काही कळू नये. सुलटं करायला गेले नाही कधी. कसल्या तोंडाने जाऊ? तू रोज समोर दिसायचीस."

सुमेधाने त्यांना माफ केलं नाही. पायाही पडली नाही आणि गळ्यातही पडली नाही. "माई, मला आत्ता तुमच्याशी काही बोलता येणार नाही," ती म्हणाली, आणि माईंनी मान हलवली. ते त्यांना मान्य होतं.

घड्याळात साडेचार व्हायला आले होते. निधीने फॉर्मकडे पाहिलं. एवढं शिकून आलेली ती, पण काकाशी आधी बोलावं हे तिलाही सुचलं नव्हतं. तिने सगळ्यांची मतं घेतली होती, एक सोडून. "काका, सॉरी," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो," चिंतामण म्हणाला. मग त्याने पहिल्यांदा बायकोकडे तोंड केलं. डोळ्यांत नाही, तिच्या हातांकडे पाहत. "तू देवासला जाणार आहेस?"

सगळे दचकले. शशिकलाने तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गच्चीवरचं गॅलरीत ऐकू येतं. मंगळवारी ऐकलं."

"मंगळवारी? आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तू मला सांगितलं नव्हतंस. निधीला सांगितलं होतंस. चार दिवस झोप लागली नाही."

सुमेधा खुर्चीवर बसली. चार दिवस शेजारच्या पलंगावर हा माणूस जागा होता, आणि तिला वाटलं होतं तो घोरत नाही म्हणजे किती निवांत झोपलाय. "ट्यूबलाइट," ती एकदम म्हणाली. "बाबा गेले तेव्हा. का केलंत तसं? सगळे हसले माझ्यावर."

"चोक आवाज करत होता. मला सहन होत नव्हता. बाहेर जायचं होतं." तो शब्द शोधत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. "पण तू आत होतीस. तुला सोडून बाहेर जायचं नव्हतं."

सुमेधा रडायला लागली. वडिलांच्या पायाशी जसं रडली होती तसं. तिच्या जवळ कोणी गेलं नाही. चिंतामण दोन पावलं पुढे आला आणि थांबला. काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक नाही हे तिला आज पहिल्यांदा स्वच्छ दिसत होतं.

"डॉक्टर म्हणाल्या की मी असाच आहे, तर तू जाशील?" त्याने विचारलं.

"तसं म्हणाल्या तर मला कळेल की तुम्ही मुद्दाम नव्हता वागत."

"मुद्दाम नव्हतो वागत."

"तेच मला डॉक्टरांकडून ऐकायचंय."

"माझ्याकडून ऐकून चालणार नाही?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा त्याला मारताच येत नसे. म्हणूनच तो प्रश्न सुमेधाला इतका लागला. सतरा वर्षांत तिने या माणसाबद्दल सासूला विचारलं होतं, जावेला, भावाला, ज्योतिषाला, शेवटी पुतणीला. त्याला स्वतःला, समोर बसवून, तिने कधी विचारलं नव्हतं. बघायच्या कार्यक्रमात त्याला प्रश्न पाठ करावे लागले होते, पण तिलाही कुठे सुचले होते?

"चालतं," ती म्हणाली. डोळे पुसले. "चालायला हवं होतं."

"त्या दिवशी पाचवा प्रश्न माझा होता," चिंतामण म्हणाला. "तो माईनं सांगितला नव्हता."

सुमेधाला तो प्रश्न नीट आठवत होता. पोहे संपले होते, मोठी माणसं देण्याघेण्यावर आली होती, आणि हा एकदम म्हणाला होता, "तुम्हाला इथं बसून कंटाळा आला का? आला असेल, तर तुम्ही आत जाऊ शकता." सगळे अवघडले होते. तिने मात्र होकार दिला होता तो त्या वाक्यासाठी. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आत्ताही ती सांगणार नव्हती. भाऊजींसमोर तर नाहीच.

"सोमवारी मी श्रीकृष्णाला हो म्हणणार होते," ती म्हणाली. "आता काही म्हणत नाही. हो पण नाही, ना पण नाही. मला विचार करू दे. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो तुमच्यावर नसला तरी राहायचं याच घरात आहे." मग तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "हा पाठवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. दुसरं कोणी बोलणार नाही."

लक्ष्मीकांतांना बोलायचं होतं, पण शशिकलाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

चिंतामणने खूप वेळ घेतला. निधी घड्याळाकडे बघत होती, तरी तिने घाई केली नाही. त्याने खिशातून पेन काढलं, तिसऱ्या पानावरच्या निरंकांवर एकेक करून सरळ रेघ मारली, अठरा वेळा, आणि पेनाला टोपण लावलं.

"जायचं," तो म्हणाला.

"पण कशाला चिंतू?" लक्ष्मीकांतांच्या आवाजात आता जोर नव्हता. जवळजवळ विनवणीच होती. "सगळं सगळ्यांना कळलं ना आता? आणखी परक्या बाईकडून काय ऐकायचंय तुला?"

"मोटरीवर पत्रा असतो, दादा. किती व्होल्टची, किती अश्वशक्तीची. पत्रा निघाला असेल तर लोक हवा तेवढा लोड टाकतात, आणि जळली की म्हणतात मोटर खराब. मला माझा पत्रा बघायचाय." मग त्याने फॉर्म घडी करून निधीकडे दिला. "हे तिसरं पान मी नाही भरणार. लहानपणी सांभाळलं त्यानं भरायचं, असं लिहिलंय. डॉक्टरांना माई सांगेल. तिला सगळं आठवतं. इतकी वर्षं तिला सांगायचंय, पण इथं तू तिला गप्प बस म्हणतोस. तिथं तू नसशील."

समोरच्याच्या मनातलं ज्याला कळत नाही असं चार दिवस घरभर चाललं होतं, त्याच्याकडे सगळे बघत राहिले.

माईंचे ओठ हलत होते. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. मग त्यांनी निधीला विचारलं, "पुण्याला रेल्वे जाते ना गं? बसमध्ये मला मळमळतं."